अंबडची थंडी आणि बादलीभर कोळसा

नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की वर्तमानपत्रात निफाडचा आकडा ठळक टायपात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ती नोंद शहरापेक्षा बहुधा दोन-चार अंशांनी कमीच असते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ती बातमी वाचली जाते तोवर पहिल्या पाळीचा कामगार केव्हाच मशीनवर उभा राहिलेला असतो. सातची पाळी गाठायची तर पाचला उठायचं, आणि त्या वेळी नळाच्या पाण्यात बोट बुडवून बघायचीही छाती होत नाही.

आपल्याकडे थंडीत घर गरम करत नाहीत. भिंती, छत, खोलीतली हवा तापवायची ही युरोपातली गरज. आपलं स्वेटर, कानटोपी आणि दोन गोधड्यांवर भागतं. तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. अंबड, सिडकोच्या सहा योजना, पाथर्डी फाटा, सातपूर या साऱ्या कामगार वस्तीत हिवाळ्याचा जादा इंधनखर्च म्हणजे मुख्यतः बादलीचा खर्च. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून घाऊक इंधन घेण्याचा विचार इथे करायचा झाला, तर तो बादलीपासून करावा लागतो.

घरगुती कोळसा मिळून विकत घेण्याची चाल इंग्लंडात जुनी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यापाड्यांत कोळशाच्या भिश्या चालत. गरीब घरं आठवड्याला पेनी-दोन पेनी जमा करायची आणि थंडीच्या तोंडावर साऱ्यांचा मिळून कोळसा यायचा. यामागचं गणित साधं आहे. कोळसा हा वजनाला जड आणि किमतीला हलका माल. खाणीच्या तोंडाशी तो स्वस्त असतो. महाग होतो तो वाहतुकीने, हमालीने आणि पोत्यापोत्याने विकणाऱ्या किरकोळ दुकानदाराच्या नफ्याने. गाडीभर माल एका गल्लीत उतरला की यातला बराचसा खर्च गळतो. जड आणि स्वस्त मालात एकत्र खरेदीचा फायदा मोठा, हलक्या आणि महाग मालात तो किरकोळ. आपल्याकडे वर्षाचा गहू मिळून घेणं परवडतं आणि केशर मिळून घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, त्याचं कारण हेच.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत इंधन यायचं ते वखारीतून. जळाऊ लाकूड, ढलप्या, लोणारी कोळसा, कधी दगडी कोळसा. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असायचा. त्याची रचना आजही दाद देण्याजोगी आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीभोवती चहूबाजूंनी पाणी. धूर नळीतून वर जाताना पाण्याला उष्णता देत जातो. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते तळाशी उतरतं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या अंगाच्या तोटीतून बाहेर पडतं. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही आणि गरम पाण्यात गार पाणी फारसं मिसळतही नाही. ढलप्या, भुसा, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, मक्याची बुरकुंडं, त्याला काहीही चालायचं.

आता थोडा हिशोब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायची तर ५०० किलोकॅलरी. भारतीय दगडी कोळशाच्या मधल्या प्रतीत किलोमागे ४००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. बंबात तिचा चौथा हिस्सा पाण्याला मिळाला असं धरलं, तर एका बादलीला अर्धा किलो कोळसा. चौघांच्या कुटुंबाला रोज दोन किलो, थंडीच्या शंभर दिवसांना दोन क्विंटल. सोळा बिऱ्हाडांची इमारत असेल तर बत्तीस क्विंटल, म्हणजे तीन टनांहून थोडा जास्त. आयशर टेम्पोत मावेल एवढा हा माल.

हाच हिशोब गिझरचा करून पाहा. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे त्या बादलीला ०.५८ युनिट. टाकीतून आणि नळीतून जाणारी उष्णता धरून ०.६५ म्हणू. हे युनिट येतं कुठून? नाशिक रोडजवळ एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॉटचे तीन संच, १९७९ ते ८१ या काळातले. राज्यातली निम्म्याहून जास्त वीज अशा कोळशाच्या केंद्रांतूनच येते. जुन्या केंद्रात एका युनिटला साधारण ०.७ किलो कोळसा जळतो. केंद्र स्वतःच थोडी वीज खातं, थोडी तारांत गळते. सगळं धरून एका बादलीमागे हिशोब पुन्हा अर्ध्या किलोच्या आसपास येतो.

म्हणजे बंब गेला, वखार गेली, फ्लॅटमध्ये पांढराशुभ्र गिझर आला, तरी बादलीमागचा कोळसा होता तेवढाच राहिला. फक्त तो आपल्या न्हाणीघराऐवजी दूरच्या बॉयलरमध्ये जळू लागला. हे वाईटच झालं असं म्हणायचं नाही. धूर घरातून गेला, राख काढायचं काम गेलं, घरातल्या बाईचे डोळे वाचले, आणि मोठ्या चिमणीखाली राख पकडायची यंत्रणा बसवता येते, ती बंबाला बसवता येत नाही. एका अर्थाने वीजमंडळ हीच आपली सर्वांत मोठी कोळसा-भिशी. ग्राहक लाखो, कोळशाची मालगाडी जवळजवळ चार हजार टनांची, आणि वाटप तारेवरून. आपल्या इमारतीचे तीन टन त्यातल्या एका वाघिणीच्या कोपऱ्यात मावतील.

मग कोणी म्हणेल, खरोखरीचाच कोळसा मिळून का आणू नये? तर तो सहज मिळत नाही, हे पहिलं कारण. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि वाटपाची सारी रचना वीज, सिमेंट, पोलाद यांच्याभोवती उभी राहिली. २००७ च्या कोळसा वाटप धोरणात 'लहान आणि मध्यम' ग्राहकाची मर्यादा वर्षाला ४२०० टन होती, पुढे ती दहा हजार टन झाली. आपल्या तीन टनांना त्या रांगेत उभं राहायलाही जागा नाही. उरतो तो बाजारातला किरकोळ माल, आणि त्याची प्रत ओळखणं घरगुती माणसाचं काम नव्हे. कोळशाच्या उष्णतेवरून सरकारी यादीत सतरा प्रती आहेत. जी-१ म्हणजे किलोला ७००० किलोकॅलरींच्या वर. जी-११ म्हणजे ४००० ते ४३००. दिसायला दोन्ही काळेच. त्यात माल ओला असेल तर आपण पाण्याचेही पैसे मोजतो आणि वर ते पाणी वाफ होऊन उडवायला कोळसाही जाळतो.

दुसरं कारण जिवाशी गाठ असलेलं. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपेतून माणूस उठत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. लहान बाथरूममध्ये, खिडकी बंद करून लावलेला गॅस गिझर हेच करतो, आणि तो तर कितीतरी घरांत आहे. गॅस तसा गुणी आहे. एका बादलीला साठ-पंच्याहत्तर ग्रॅम पुरतो, आणि महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आली की सिलिंडरची ने-आणही संपते. पण गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेशी संबंध असलेल्या जागी हवा. त्यात काटकसर करू नये.

कोळशाच्या माहेरघरीही आता त्याला दार बंद आहे. इंग्लंडात १ मे २०२१ पासून घरगुती वापराच्या दगडी कोळशाची पोती विकायला बंदी आली आणि दोन वर्षांनी सुट्या कोळशावरही.

आपल्याला मात्र निसर्गाने एक मोठी सवलत दिली आहे, जी इंग्लंडला दिली नाही. तिथे थंडी येते तीच अंधार घेऊन. डिसेंबरात दिवस आखूड, आभाळ भरलेलं, सूर्य क्षितिजापाशी रेंगाळणारा. इंधन हवं तेव्हाच ऊन नाही. नाशिकची थंडी उलट स्वभावाची. उत्तरेकडून कोरडं वारं येतं, आभाळ निरभ्र होतं आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीचशी परत खाली पाठवली असती. ढग नाहीत म्हणून पहाट गारठते. आणि ढग नाहीत म्हणूनच दुपारी लख्ख ऊन पडतं, पारा अठ्ठावीसपर्यंतही चढतो. जे निरभ्र आभाळ पहाटे आपल्याला कुडकुडवतं, तेच दुपारी पाणी तापवून द्यायला तयार असतं. फक्त दुपारचं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत गरम ठेवता आलं पाहिजे.

म्हणून अंबडमध्ये शेजाऱ्यांनी मिळून विकत घ्यायचा 'कोळसा' हा गच्चीवरचा सोलर आहे, असं माझं मत. वीज तयार करणारं पॅनेल नव्हे, पाणी तापवणारा. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलतं. पाणी तापवणारा सोलर अर्ध्याच्या आसपास उष्णता पाण्याला देतो. म्हणून नुसत्या गरम पाण्यासाठी त्याला जागाही कमी लागते. शंभर लिटरला दोन चौरस मीटरच्या आत-बाहेर.

हल्ली सगळीकडे दिसतो तो नळ्यांचा. काचेच्या दोन नळ्या एकात एक, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या नळीवर ऊन शोषणारा काळसर लेप. हवा नसल्यामुळे आत गेलेली उष्णता बाहेर येऊ शकत नाही, थर्मासच्या बाटलीचंच तत्त्व. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी नळीत उतरतं. पंप नको, वीज नको. दुसरा प्रकार सपाट पेटीचा, तांब्याच्या नळ्या आणि वर जाड काच. तो महाग पण दणकट. बोअरच्या जड पाण्याने दोन्हींत क्षार धरतात, तांब्याच्या बारीक नळ्या तर लवकर चोंदतात. ज्या इमारतीत गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, तिथे आधी पाण्याची तपासणी करून मग प्रकार ठरवावा. उताराचा कोन हिवाळ्याला सोयीचा हवा. नाशिक वीस अक्षांशावर, तेव्हा तीस-पस्तीस अंश, तोंड दक्षिणेला. आणि एमआयडीसीच्या धुळीने काच महिन्याभरात मातकट होते, ती पुसायला माणूस ठरलेला हवा. ही किरकोळ वाटणारी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण बंद पडलेले सोलर बघितले की बहुतेकांच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं.

मिळून घेतल्याने काय साधतं? पैशांची सूट मिळते, पण तिच्यावर फार भिस्त नको. तांबं, पोलाद, काच यांचे दर सोळा नग घेतले म्हणून फार उतरत नाहीत. विक्रेत्याच्या खेपा, वाहतूक, कमिशन यांत काय वाचेल ते. खरा फायदा भूमितीत आहे. शंभर लिटरच्या सोळा टाक्यांऐवजी सोळाशे लिटरची एक टाकी केली, तर पाणी सोळापट आणि बाहेरचा पृष्ठभाग मात्र जेमतेम सव्वासहापट. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून. म्हणजे त्याच जाडीच्या आवरणात मोठ्या टाकीचं पाणी रात्रभरात कितीतरी कमी निवतं. आणि आपलं गिऱ्हाईक तर पहाटे पाचचं.

पण भूमिती जे देते ते पाइप परत घेतो. एक इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी उभं असतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पंधरा मीटर धरले तर नळ सोडल्यावर पहिलं सात लिटर गार पाणी येतं. तळमजल्यावरचा माणूस ते मोरीत सोडून देतो, तिसऱ्या मजल्यावरच्याला लगेच गरम पाणी मिळतं, आणि सोसायटीच्या पहिल्या भांडणाचं बीज इथे पडतं. उपाय आहेत. पाइपाला आवरण, आणि पहाटे तासभर पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप. पण ते सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच हवेत. मागाहून कोणी वर्गणी देत नाही.

दुसरं भांडण पाळ्यांचं. पहिल्या पाळीची बिऱ्हाडं साडेपाचपर्यंत मनसोक्त आंघोळी करून जातात. जनरल शिफ्टवाला आठला नळ सोडतो तेव्हा टाकीत गार पाणी मिसळलेलं असतं. रात्रपाळीहून आलेल्याला तर काहीच उरत नाही. बिऱ्हाडागणिक समान वर्गणी आणि वापर मात्र हात सैल तसा, हे जमत नाही. प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या लाइनला साधा वॉटर मीटर बसवणं हा त्यातला शहाणा मार्ग. खर्च थोडा, आणि 'अमक्यांकडे पाहुणे फार' ही चर्चा बंद.

तिसरी अडचण भाडेकरूंची. अंबडच्या इमारतींत निम्मी बिऱ्हाडं भाड्याची असणं नवल नाही. गिझरचं बिल भरतो भाडेकरू, आणि सोलरचे पैसे घालायचे मालकाने, जो मुंबईला किंवा गावाकडे राहतो. ज्याचा फायदा त्याचा खर्च नाही, ज्याचा खर्च त्याचा फायदा नाही. भाड्यात ठराविक रक्कम वाढवून मालकाला परतफेड मिळेल असा ठराव केला तरच तो सही करतो. गच्ची सामायिक असल्याने सभेचा ठराव तर हवाच, मग ती १९६० च्या कायद्याखालची सहकारी सोसायटी असो की नाशिकमध्ये सर्रास असते तशी १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट. आणि सोळाशे लिटर म्हणजे पाण्याचंच वजन सोळाशे किलो. ते स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलमवर कसं घ्यायचं, हे इंजिनिअरकडून लेखी घ्यावं.

मिळून खरेदी कशी टिकवायची याचा धडा मराठी माणसाला बाहेर शोधायला नको. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, पैसे आधी, माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासद स्वतःच तो वाटून घेतात. दुकान नाही, गल्ल्यावरचा नोकर नाही, उधारी नाही. हजारो कुटुंबं इतकी वर्षं त्या पद्धतीने किराणा भरत आली. स्वस्ताईपेक्षाही 'मागणी आधी, पैसे आधी, काम पाळीपाळीने' ही शिस्त तिचा कणा आहे. सोळा घरांच्या सोलरला हीच शिस्त लागते. सहा महिन्यांची भिशी लावून पैसे आधी जमवा. ज्यांनी नाव दिलं नाही त्यांची लाइन टाकू नका, पण पुढे जोडता येईल अशी टी मात्र सोडून ठेवा. त्यांची पुढची वर्गणी आजच ठरवून ठेवा, नाहीतर फुकट बसणाऱ्यालाच शहाणा म्हणायची वेळ येते.

गच्ची पुरत नसेल, किंवा शेजारची उंच इमारत सावली टाकत असेल, तर सामायिक हीट पंप हा दुसरा पर्याय. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतो. त्याला पॅनेलची जोड देता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराच्या पॅनेलना किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान ठेवलं. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्या योजनेत काही नाही. हा दुजाभाव मला तरी पटलेला नाही. अर्धा किलो कोळसा पॅनेलने वाचवला काय आणि नळीने वाचवला काय, एकलहऱ्याच्या चिमणीला फरक कळत नाही.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा गिझर काढून टाकू नका. तो सोलरच्या लाइनवर मागे जोडलेला असू द्या आणि थर्मोस्टॅट पंचेचाळीस-पन्नासवर ठेवा. साठवर ठेवून पुन्हा गार पाणी मिसळण्यात वीज वाया जाते. वीजबिलाचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे युनिटांवर बदलतात, तेव्हा थंडीतला गिझर नुसती युनिटं वाढवत नाही, वरच्या दराच्या टप्प्यात ढकलतो. मागच्या डिसेंबर-जानेवारीचं बिल आणि एप्रिलचं बिल शेजारी ठेवून पाहिलं की आपल्या बादलीची किंमत कळते.

आणि हे सगळं करायचं असेल तर सभा गणपती उठल्यावर लगेच बोलवा. ऑक्टोबरात ऊन कडक असतं, चाचणी नीट होते, दर तीन ठिकाणांहून मागवायला वेळ मिळतो. डिसेंबरात पहिली थंडी पडली की सगळ्या सिडकोला एकदमच सोलर आठवतो आणि प्लंबर फोन उचलत नाही.